लाल दिवा लागलाच नाही: जुन्या स्पोर्ट्स कारचा अल्टरनेटर

धुळ्याहून जळगावला येत होतो, रात्रीचे साडेनऊ झाले असतील, पारोळं जवळ आलं आणि हेडलाइट पिवळे वाटायला लागले. मला आधी वाटलं कुणीतरी शेतात पऱ्हाट्या पेटवल्यात, धूर असेल. काच पुसली, ब्लोअर लावला, तर लाइट अजूनच बसले. मग रेडिओ आपोआप गेला, इंडिकेटर टिकटिक करायच्या ऐवजी नुसताच लागून राहिला आणि एरंडोलच्या अलीकडे इंजिनाने दोन गचके दिले नि गाडी गप. डॅशबोर्डवर मात्र एक लाल दिवा नाही, काही नाही, सगळं शांत. हे दिव्याचं लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं अडलं होतं.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली दोन सीटची गाडी, बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं. ताकद साठेक हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी, त्यामुळे मी स्पोर्ट्स कार म्हटलं की मित्र हसतात, हसू द्या, छत काढून तापीच्या पुलावरून गेलं की कळतं. अडचण एवढीच की या गाड्या मुळात मोजक्या बनल्या, पार्ट मागायला जावं असं शोरूम नाही, त्यामुळे 'जुना काढा, नवीन टाका' हे उत्तर इथे चालतच नाही. आहे तोच उघडून दुरुस्त करावा लागतो, आणि उघडायचा तर आत काय असतं ते माहीत पाहिजे.

मी आधी काय शहाणपणा केला होता तेही सांगतो. दोन महिन्यांत दोन बॅटऱ्या. सकाळी सेल (म्हणजे स्टार्टर) लागेना म्हणून दुकानात गेलो, त्याने बॅटरीवर मशीन लावलं, म्हणाला डाउन आहे, बदला. बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा दुकान, वॉरंटीत भांडून वर थोडे पैसे भरून दुसरी. गाडी चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट येतायत हे ना त्याने बघितलं ना मी. नंतर अजिंठा चौफुलीकडच्या ज्या म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी टोचन करून नेली, ज्यांना सगळे आप्पाच म्हणतात, त्यांनी हे ऐकून फक्त एवढंच म्हटलं, "बॅटरी ते गरीब शे भो, तिले खावाले कोन देस ते देख आधी."

मला वाटतं याच्यापेक्षा सोपं कुणी समजावू शकत नाही. बॅटरी म्हणजे घरातली धान्याची कोठी, त्यात काही पिकत नाही, पिकतं शेतात. गाडीतलं शेत म्हणजे अल्टरनेटर. गंमत म्हणजे सेल मारायला कोठीतलं फार धान्य लागतच नाही. सेल मारताना दीडशे अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो, ऐकायला केवढा वाटतो, पण जातो दोनच सेकंद, हिशोब केला तर एका अँपिअर-अवरचा (म्हणजे एक अँपिअर तासभर) दहावा भागही होत नाही. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते म्हणजे चिमूटभर. खरी खादाड मंडळी दुसरी. हेडलाइटचे दोन ५५ वॉटचे बल्ब मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर, इग्निशन आणि पेट्रोल पंप मिळून सात-आठ, वर ब्लोअर, मागचे दिवे, मधूनच लागणारा रेडिएटरचा फॅन. वीस-बावीस अँपिअर सहज होतात. शेत पिकत नसेल तर ३५ ची बॅटरी कागदावर दीड तास पुरते, पण व्होल्टेज त्याच्या खूप आधी घसरतं, म्हणून प्रत्यक्षात तासाभरातच खेळ खलास. माझा धुळे ते पारोळा बरोबर याच हिशोबात बसला.

आता अल्टरनेटरकडे येऊ. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरवला की तारेत वीज तयार होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं आणि त्यानंतर आजपर्यंत कोराडीच्या पॉवर स्टेशनपासून सायकलच्या डायनमोपर्यंत सगळं त्यावरच चाललंय. सायकलच्या डायनमोत चुंबक कायमचा असतो, म्हणून सायकल जोरात मारली की बल्ब उडायचा, आठवत असेल. गाडीत ते परवडत नाही. हायवेला इंजिन साडेतीन हजार आरपीएमला आणि फाटकावर आठशेला, आणि पुलीच्या मापामुळे अल्टरनेटर त्याच्याही दोन-अडीच-तीन पट वेगाने फिरतो, तरी व्होल्टेज मात्र दोन्हीकडे १४ च्या आसपासच पाहिजे. म्हणून इथे चुंबक कायमचा ठेवत नाहीत, विजेवर चालणारा ठेवतात. मधे फिरतो तो रोटर, त्यात तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि त्याच्यावर लोखंडाचे दोन पंजे, आपण दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवतो तसे. त्या वेटोळ्यात तीन-चार अँपिअर सोडले की पंजे चुंबक होतात. कमी सोडले तर चुंबक कमजोर, जास्त सोडले तर जोरदार. हा नळ उघड-बंद करायचं काम रेग्युलेटरचं, तो सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद करत व्होल्टेज १३.८ ते १४.४ मधे धरून ठेवतो.

पण फिरणाऱ्या वस्तूला करंट द्यायचा कसा, तार लावली तर पहिल्या चकरेतच पिळून तुटेल. म्हणून रोटरच्या शाफ्टवर तांब्याच्या दोन गुळगुळीत कड्या असतात, स्लिप रिंग, आणि त्यांच्यावर स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे दोन ब्रश घासत राहतात. अख्ख्या अल्टरनेटरमधे ठरवून झिजायला ठेवलेली वस्तू ही एकच, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी, आणि म्हणे अल्टरनेटर 'गेला'.

बाहेरच्या बाजूला स्टेटर, त्यात तीन वेगळी वाइंडिंग, म्हणजे निघते ती थ्री फेज वीज. खान्देशात थ्री फेज कुणाला समजावायची गरज नाही, रात्री दोनला लाइट येते म्हणून टॉर्च घेऊन केळीच्या वावरात मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला ती कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त कळते. एक फेज गेला की मोटार नुसती घुं घुं करते, उचलत नाही, हेही त्याला माहीत असतं. अल्टरनेटर म्हणजे तीच मोटार उलटी, तिथे वीज देऊन फिरवतो, इथे फिरवून वीज घेतो. आणि म्हणूनच माझं मत असंय की स्टेटर जळाला असेल तर घाबरायचं कारण नाही, जळगाव, चोपडा, शिरपूर, जिथे विहिरी आहेत तिथे मोटार रिवाइंडिंगवाला आहे, तारेचा गेज आणि वेढे मोजून त्याच मापात चांगला हात असलेला माणूस स्टेटर पुन्हा भरू शकतो.

थ्री फेज वीज उलटसुलट वाहते, बॅटरीला मात्र एकाच दिशेने पाहिजे. इथे येतात डायोड, मुख्य सहा. डायोडला मी फूट व्हॉल्व्ह म्हणतो, विहिरीत पाइपाच्या तळाशी असतो तो, पाणी वर जाऊ देतो खाली येऊ देत नाही. फूट व्हॉल्व्ह गळका असला की रात्रीतून पाइप रिकामा आणि सकाळी मोटार हवा घेते, तसंच डायोड गळका असला की गाडी बंद उभी असतानाही बॅटरी अल्टरनेटरमधून गळत राहते, सकाळी सेल लागत नाही आणि माणूस बॅटरीच्या दुकानात जातो. स्वस्त आणि टिकाऊ सिलिकॉन डायोड आल्यावरच गाड्यांमधे अल्टरनेटर घालणं परवडायला लागलं, क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमधे तो स्टँडर्ड दिला, त्याआधी बहुतेक गाड्यांत डायनमो. आपल्याकडे गॅरेजात अल्टरनेटरला अजूनही डायनमोच म्हणतात ते त्यामुळेच.

आता तो लाल दिवा. चावी ऑन केली, इंजिन अजून बंद आहे, तेव्हा डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला दिवा लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो. आपण फक्त विझण्याकडे बघतो. पण जुन्या गाडीत तो दिवा नुसता इशारा नसतो, तो कामाचा गडी असतो. चावी ऑन केली की बॅटरीतून करंट त्या बल्बमधून, रेग्युलेटरमधून, ब्रशमधून रोटरला जातो आणि रोटरला पहिला थोडासा चुंबकपणा येतो. इंजिन फिरलं, वीज तयार व्हायला लागली की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच १४ व्होल्ट होतात, मग करंट जाणार कुठे, दिवा विझतो. मधेच चार्जिंग थांबलं तर फरक पडतो आणि दिवा लागतो. आता विचार करा, ब्रश झिजून रिंगला टेकतच नसेल तर? बल्बमधून जाणाऱ्या करंटला पुढे रस्ताच नाही. मग दिवा चावी ऑनला लागणार नाही, चार्जिंग थांबल्यावरही लागणार नाही, कधीच लागणार नाही. मी दोन महिने 'दिवा नाही म्हणजे चार्जिंग ओके' धरून चाललो होतो आणि खरं नेमकं उलटं होतं. बल्ब स्वतः उडाला असेल तरी असंच होतं, पाच-दहा रुपयांच्या बल्बमुळे धडधाकट अल्टरनेटर झोपून राहतो.

आप्पांनी चावी ऑन करायला लावली. "लागना का?" नाही. मग त्यांनी अल्टरनेटरच्या मागची बारीक वायर काढून इंजिनला टेकवली, दिवा झक्कन लागला. म्हणजे बल्ब चांगला, वायर चांगली. "मंग मझारच काहीतरी शे." म्हणजे आतच काहीतरी आहे. (ही युक्ती जुन्या साध्या गाडीची, जिथे अल्टरनेटर कॉम्प्युटर चालवतो अशा नव्या गाडीत कुठलीही वायर कुठेही टेकवू नका.) वायर परत लावली, चावी ऑनच, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पुलीजवळ धरलं. रोटरला करंट जात असता तर टोक ओढलं गेलं असतं, नाही ओढलं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने अल्टरनेटरच्या पाठीवर टक टक केलं, हळूच, आणि मी सीटवरून बघतोय तर दिवा लुकलुकला, आणि परत गेला. तिथेच कळलं, ब्रश अडकलाय, हादरा बसला की क्षणभर टेकतो. म्हणूनच कधी पंधरा दिवस चालायचं आणि कधी नाही.

मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजायच्या छोट्या मीटरने, सुरुवात केली असती तर माझे दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते हेही सांगतो. चारशे-पाचशेत मिळतो, घेऊन ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ दाखवत असेल तर फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ कडे गेलाच पाहिजे, तो १२ वरच राहून खाली सरकत असेल तर खायला कुणी देत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरीचं पाणी उकळतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब उडतात. आणि मीटर एसी व्होल्टच्या सेटिंगवर करून इंजिन चालू असताना बॅटरीवरच धरला आणि अर्धा व्होल्ट किंवा त्याच्या वर दिसला तर डायोडवर संशय घ्यायचा.

खोलायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, हे आधी, कारण अल्टरनेटरच्या मागची जाड वायर चावी बंद असली तरी थेट बॅटरीला जोडलेली असते, पाना तिथून इंजिनच्या लोखंडाला लागला तर पाना लाल होतो. बेल्ट सैल केला, बोल्ट काढले, अल्टरनेटर टेबलावर. दोन्ही झाकणांवर आणि मधल्या भागावर आप्पांनी पंचने एक खूण केली, परत बसवताना तिरकं बसू नये म्हणून, मग लांब बोल्ट काढून लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू सुटा केला.

आतून काय निघालं असेल? कापूस. खरंच, काळ्या मातीची धूळ, ग्रीस आणि कापसाचे तंतू एकत्र होऊन वातीसारखे झालेले, जिनिंगच्या रस्त्यावर गाडी उभी राहते त्याचा प्रसाद. त्यातच एक ब्रश त्याच्या खोबणीत रुतून बसला होता, आणि झिजून तीनेक मिलिमीटर उरलेला. दुसरा पाचाच्या आसपास. साधारण पाचच्या खाली गेला की बदलायचाच. स्लिप रिंगवर बोटाने चाचपलं तर हलकी खाच लागत होती, ती बारीक पॉलिश पेपरने फिरवत फिरवत काढली, जाड एमरी वापरली तर नवीन ब्रश महिन्यात खातो. मग मीटर दोन रिंगवर, साडेतीन ओहम, साधारण दोन ते पाचच्या मधे असावं. रिंग आणि शाफ्टमधे काहीच नाही, म्हणजे रोटर अर्थ झालेला नाही, तार लोखंडाला लागलेली नाही. डायोड एकेक करून, एका दिशेला ०.५ च्या आसपास, उलट धरलं की काही नाही, सगळे पास. स्टेटरची वाइंडिंग मीटरने फारशी कळत नाहीत, रेझिस्टन्स इतका कमी असतो की साधा मीटर शून्यच दाखवतो, तुटलंय का आणि लोखंडाला लागलंय का एवढंच बघायचं, बाकी नाकाने, जळाल्याचा वास लपत नाही.

या गाडीचे ब्रश मिळणार नव्हतेच, दुसऱ्या एका अल्टरनेटरचे थोडे जाड ब्रश घेऊन आप्पांनी सपाट कानशीवर घासून मापात आणले, खोबणीत टाकून हलवून बघितलं की स्वतःच्या वजनाने घसरतात का, घसरले, मग मागची तार डाग देऊन पक्की केली. इथे एक गोष्ट, सेल्फचे म्हणजे स्टार्टरचे ब्रश दिसायला तसेच असतात आणि काही ठिकाणी तेच घासून बसवून देतात, देऊ देऊ नका, त्यात तांबं भरपूर असतं, स्लिप रिंगची वाट लावतात.

बेअरिंग फिरवून कानाशी धरली तर कोरड्या जात्यासारखी खरखर. ही तर सगळ्यात सोपी, बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि तो नंबर कुठल्या गाडीचा नसून जगाचा असतो, ६२०३ म्हटलं की आतून १७ मिमी, बाहेरून ४०, रुंदी १२, मग ती पिठाच्या गिरणीत लागो नाहीतर माझ्या गाडीत. रबर सील असलेली घ्यायची, आपल्याकडच्या धुळीला पत्र्याचं सील पुरत नाही.

सगळं बसवलं, चावी ऑन, लाल दिवा लागला, मला एवढा आनंद आयुष्यात लाल दिवा बघून कधी झाला नव्हता. इंजिन चालू, दिवा विझला. मीटर १४.१. मी पैसे काढायला खिशात हात घातला तर आप्पा म्हणे थांब, हेडलाइट लाव, ब्लोअर लाव. लावले तर १३.२. पुन्हा तोंड पडलं माझं.

इथे फायबर बॉडीचा धडा आहे. पत्र्याच्या गाडीत बॉडी स्वतःच निगेटिव्हची वायर असते, कुठेही अर्थ घ्या. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तूची परतीची वायर वेगळी, आणि इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा पट्टा गंजला की सगळाच रस्ता अरुंद. आप्पांनी लोड चालू ठेवून मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, खरं तर तिथे ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे, निघाले ०.७. पॉझिटिव्ह बाजूला तसंच मोजलं, ते ठीक. जुना पट्टा वरून धड दिसत होता, पण टोकाशी वाकवला तर हिरवी पूड पडली. नवीन जाड केबल टाकली, टोकं घासून चकचकीत केली, आणि सगळं लावून १३.७.

बेल्टचंही तेव्हाच बघून घेतलं, लांब बाजूला अंगठ्याने दाबलं की साधारण एक सेंटिमीटर आत गेला पाहिजे. ढिला असला तर लाइट लावल्यावर चीं करतो, जास्त कसला तर नवीन बेअरिंगची पुन्हा जात्यावर रवानगी.

एक सवय आपल्याकडे घट्ट रुजलीय ती सांगून ठेवतो. अल्टरनेटर चालतो का बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली नाही तर 'ओके'. डायनमोच्या काळात चालून जायचं. अल्टरनेटरमधे बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळतं, शंभरच्या घरातही जाऊ शकतं, आणि डायोड, रेग्युलेटर, इंजिनचा कॉम्प्युटर, जे नाजूक असेल ते आधी जातं. कुणी पाना घेऊन टर्मिनलकडे निघाला तर त्याचा हात धरा, ओळख असो नसो.

गाडी त्या दिवशी मिळाली नाही. बॅटरी उतरलेली होती आणि उतरलेली बॅटरी नव्या ब्रशच्या अल्टरनेटरवर टाकायची नाही, तो वरचेवर भर घालायला असतो, रिकामी कोठी एका दमात भरायला लावली तर तासन् तास पूर्ण लोडवर तापतो. रात्रभर तीन-चार अँपिअरवर चार्जरला लावली, सकाळी १२.६ दाखवल्यावर घेऊन गेलो.

नंतर मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर ट्रॅफिकमधे उभा होतो, बाहेर ४५ डिग्री, मीटर तर आता मी गाडीतच ठेवतो, बघितलं तर १३.५. लगेच आप्पांना फोन. ते जेवत असावेत, म्हणाले, "गरम व्हयनं का रेग्युलेटर आपसूक कमी देस, बॅटरी उकयाले नको म्हनीसन. दिवा लागस का चावीवर?" लागतो म्हटलं. "मंग मले जेवू दे."